कामाची दखल घ्यायची कशी: मनोबल आणि व्यवसाय दोन्हींना उपयोगी पडणारी पद्धत, पायरीपायरीने

कर्मचाऱ्यांच्या कौतुकाचा विषय निघाला की बहुतेक कंपन्यांत चर्चा लगेच ट्रॉफी, गिफ्ट व्हाउचर आणि वार्षिक समारंभाच्या बजेटवर जाते. माझ्या मते ही उलटी सुरुवात आहे. आपलं काम कुणीतरी नीट पाहिलं, त्यातली अडचण ओळखली आणि ते काम कुणाच्या तरी उपयोगी पडलं, हे कळल्यावर माणसाला हुरूप येतो. ट्रॉफी हे सांगू शकते, पण देणाऱ्याने काम पाहिलेलं असेल तरच. म्हणून या लेखात बक्षीस सहाव्या पायरीवर येतं. त्याआधीच्या पायऱ्या पाहण्याच्या आणि बोलण्याच्या आहेत. त्यांना पैसे लागत नाहीत, पण वेळ आणि लक्ष भरपूर लागतं.

तुम्ही पाच जणांची टीम सांभाळत असाल किंवा दोनशे माणसांचा उद्योग चालवत असाल, क्रम हाच ठेवा.

दखल घेतल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलेला आहे. ॲडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो या संशोधकांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मिळवणाऱ्या कर्मचाऱ्यांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला विभागाच्या संचालिका प्रत्यक्ष येऊन भेटल्या आणि ‘तुमच्या मेहनतीबद्दल मी आभारी आहे’ एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्या गटाचे फोन पन्नास टक्क्यांहून जास्त वाढले. दुसऱ्या गटात तसा बदल दिसला नाही. मिळालेल्या देणगीवर कमिशन नव्हतं, पगार ठरलेला होता. आपल्या कामाला किंमत आहे एवढी एकच नवी गोष्ट त्यांना कळली होती.

मायकेल कोसफेल्ड आणि सुझान नेकरमान यांनी २०११ मध्ये डेटा एंट्रीच्या कामावर असंच पाहिलं. उत्तम काम करणाऱ्याला अभिनंदनाचं साधं कार्ड मिळेल, पैसे नाहीत, असं सांगितलेल्या गटांचं काम सरासरी बारा टक्क्यांनी जास्त झालं. जर्मन विकिपीडियावर याना गॅलस यांनी नव्या संपादकांना निव्वळ प्रतीकात्मक पुरस्कार दिले. पुरस्कार मिळालेल्यांपैकी पुढे लिहीत राहणाऱ्यांचं प्रमाण वीस टक्क्यांनी वाढलं. पगार नसलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांवर हा परिणाम झाला, हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं.

या विषयावर बोलताना हॉथॉर्न कारखान्याची गोष्ट हमखास सांगितली जाते: शिकागोजवळच्या त्या कारखान्यात १९२४ पासून प्रयोग झाले, आणि आपल्याकडे कुणी लक्ष देतंय एवढ्यानेच कामगारांचं उत्पादन वाढलं. ती गोष्ट जपून वापरा. स्टीव्हन लेविट आणि जॉन लिस्ट यांनी २०११ मध्ये तिथल्या प्रकाशयोजनेच्या प्रयोगांची मूळ आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा सांगितला जातो तसा नाट्यमय परिणाम तिच्यात सापडला नाही. वरचे नवे प्रयोग जास्त भक्कम आहेत.

पायरी १: आधी पाया तपासा

पगार वेळेवर होत नसेल, दोन माणसांचं काम एकावर पडत असेल किंवा वरिष्ठ चारचौघांत अपमान करत असतील, तर कौतुकाचा कार्यक्रम सुरू करू नका. तो लोकांना टोचतो. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट यांच्या मुलाखतींवरून मांडलं, की पगार, धोरणं, देखरेख, कामाची परिस्थिती या गोष्टी बिघडल्या की असमाधान वाढतं, तर काही साध्य होणं, त्याची दखल घेतली जाणं आणि जबाबदारी मिळणं यांतून समाधान येतं. त्यांच्या सिद्धांतावर पुढे बरीच टीका झाली, पण एवढा भाग व्यवहारात टिकतो. पहिल्या यादीतली तूट दुसऱ्या यादीने भरून निघत नाही.

टीममधल्या प्रत्येकाला एकेकटं भेटून एकच प्रश्न विचारा: ‘तुमचं काम नीट होण्यात सगळ्यात जास्त काय आडवं येतं?’ आलेल्या उत्तरांतली निदान एक अडचण महिन्याभरात दूर करा आणि ती कुणाच्या सांगण्यावरून दूर केली तेही सांगा. दखल घेण्याची सुरुवात इथूनच होते.

पायरी २: ‘डोक्यावर चढतील’ ही भीती काढा

पुष्कळ अनुभवी मॅनेजर कौतुक करायला कचरतात. त्यांचा अनुभव सांगतो, की कौतुक केलं की माणूस ढिला पडतो आणि झापलं की सुधारतो. हा अनुभव खोटा नसतो. त्याचा लावलेला अर्थ चुकीचा असतो.

नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान यांना इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांनी नेमकं हेच सांगितलं होतं. अवघड कसरत उत्तम केलेल्या कॅडेटची स्तुती केली, की पुढची कसरत बिघडते, आणि वाईट केलेल्यावर ओरडलं, की पुढची सुधारते. कानेमान यांनी दाखवलं, की यात स्तुती किंवा ओरडण्याचा काही संबंधच नाही. प्रत्येकाची कामगिरी आपल्या सरासरीच्या वरखाली होत असते. फार चांगल्या दिवसानंतरचा दिवस बहुधा त्याहून साधा जातो, फार वाईट दिवसानंतरचा बहुधा बरा जातो. आपण चांगल्या दिवशी स्तुती करतो आणि वाईट दिवशी ओरडतो, म्हणून ओरडणं ‘लागू पडलं’ असं दिसतं. हे वर्षानुवर्षं घडत राहिलं तर एक चांगला मॅनेजर प्रामाणिकपणे कठोर बनत जातो. ही मला फार मोठी हानी वाटते.

उपाय साधा आहे. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका, त्या माणसाची दोन-तीन महिन्यांची सरासरी पाहा.

दुसरी अडचण संकोचाची. तोंडावर कौतुक करणं अवघडल्यासारखं वाटतं, ‘समोरच्याला कळतंच की’ असं वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली, मग लिहिणाऱ्यांचे अंदाज आणि वाचणाऱ्यांच्या भावना ताडून पाहिल्या. पत्र वाचून समोरचा किती अवघडून जाईल याचा अंदाज लिहिणाऱ्यांनी जास्त धरला होता, आणि त्याला किती आनंद होईल याचा अंदाज कमी. म्हणजे आपला संकोच आपल्याला चुकीची माहिती देतो.

पायरी ३: काम दिसेल अशी सोय करा

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुर्लक्षित पायरी आहे. मॅनेजरला जे दिसतं त्याचीच दखल घेतली जाते, आणि त्याला दिसतं ते आवाज करणारं काम: मोठी ऑर्डर, क्लायंटसमोरचं प्रेझेंटेशन, ऐन वेळी विझवलेली आग. आग लागूच नये म्हणून दर आठवड्याला मशीनची देखभाल करणारा, नव्या माणसाला शेजारी बसवून शिकवणारा, बिलांतल्या चुका बाहेर जाण्याआधी पकडणारी, रात्रपाळीचा, घरून काम करणारा, यांचं काम नीट झालं की दिसेनासं होतं. मीटिंगची टिपणं काढणं, कार्यक्रम ठरवणं अशी कामं तर बढतीच्या हिशेबात धरलीच जात नाहीत. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या संशोधनानुसार अशी कामं स्त्रियांकडे जास्त मागितली जातात आणि त्या ती जास्त वेळा स्वीकारतात.

दृश्य कामाचंच कौतुक करत राहिलात, तर लोक दृश्य कामच करतील. आग विझवणाऱ्याला टाळ्या आणि ती टाळणाऱ्याला काहीच नाही, अशा ठिकाणी आगी कमी होत नाहीत.

त्यासाठी एक वही किंवा साधं एक्सेल शीट ठेवा. त्यात टीममधल्या प्रत्येकाचं नाव, त्याच्याकडची न दिसणारी कामं, आणि त्याच्या कामाबद्दल आपण शेवटचं कधी, काय बोललो याची तारीख लिहा. दर शुक्रवारी पंधरा मिनिटं ही वही उघडायची आणि ज्याच्या नावापुढची तारीख जुनी झाली आहे, त्याचं काम पुढच्या आठवड्यात जाऊन पाहायचं. काम पाहायचं म्हणजे त्याच्या शेजारी उभं राहून किंवा बसून, ‘हे कसं करता, यात अवघड काय असतं’ हे विचारायचं. ज्याच्याबद्दल तुम्हाला सांगण्यासारखं काहीच सापडत नाही, त्याच्याबद्दल मत बनवण्याआधी तुम्ही त्याचं काम कितीदा पाहिलंत ते तपासा.

श्रेयाच्या वाटपातली चूक किती महाग पडते याचं मोठं उदाहरण इतिहासात आहे. ऑगस्ट १९३५ मध्ये सोव्हिएत खाणकामगार अलेक्सेई स्ताखानोव्हने एका पाळीत १०२ टन कोळसा काढला, ठरलेल्या कोट्याच्या चौदापट. देशभर त्याचा उदोउदो झाला. पण त्या रात्री तो फक्त कोळसा फोडत होता आणि छताला लाकडी टेकू देण्याचं काम सहकारी करत होते. विक्रम मात्र एकट्याच्या नावावर लागला. पुढच्या वर्षी अनेक उद्योगांत सगळ्यांचेच कोटे वाढवले गेले, आणि विक्रमवीरांबद्दल सहकाऱ्यांमध्ये ठिकठिकाणी राग धुमसत राहिला. तुमच्याकडेही एखाद्याच्या चांगल्या कामामुळे बाकीच्यांचं टार्गेट वाढत असेल, तर त्या माणसाचं जाहीर कौतुक म्हणजे बाकीच्यांना इशारा ठरतो.

पायरी ४: नेमकं बोला

‘गुड जॉब’, ‘मस्त काम’, ‘तुम्ही सगळे आमची ताकद आहात’ ही वाक्यं वाईट नाहीत, पण त्यांतून ऐकणाऱ्याला काही कळत नाही. काम न पाहताही ती बोलता येतात, हे त्यालाही माहीत असतं. चांगल्या दखलेत तीन गोष्टी येतात: नेमकं काय केलं, त्यात त्याचा कोणता निर्णय किंवा कौशल्य होतं, आणि त्याने कुणाचं काय भलं झालं.

उदाहरणार्थ: ‘मंगळवारी त्या ग्राहकाचा तिसरा फोन आला, तेव्हा तुम्ही जुनंच उत्तर न देता त्यांचं सगळं रेकॉर्ड काढून पाहिलंत. चूक आपल्या सिस्टिममध्ये निघाली आणि त्यामुळे तशाच आणखी तक्रारी यायच्या थांबल्या.’ एवढं पुरे. विशेषणांची गरज नाही. तपशील अचूक असला की शब्द साधे असले तरी चालतात.

स्वभावापेक्षा कृतीबद्दल बोला. ‘तू फारच हुशार आहेस’ यातून पुढे काय करायचं ते कळत नाही, उलट हुशारीचा शिक्का टिकवण्यासाठी माणूस अवघड काम टाळू लागतो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये मुलांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. हुशारीची स्तुती झालेल्या मुलांनी पुढे सोपे प्रश्न निवडले, मेहनतीची स्तुती झालेल्यांनी अवघड.

तीन गोष्टी टाळा. कौतुकाला ‘पण’ जोडू नका, सुधारणेबद्दल वेगळ्या वेळी बोला. कौतुकाच्या पाठोपाठ नवं काम देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही चांगलं बोलायला लागताच माणूस सावध होईल. आणि एकाचं कौतुक दुसऱ्याला खिजवायला वापरू नका.

पायरी ५: वेळ आणि ठिकाण

गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या कर्मचारी सर्वेक्षणातल्या बारा विधानांपैकी एक असं आहे, की गेल्या सात दिवसांत चांगल्या कामाबद्दल माझी दखल घेतली गेली किंवा कौतुक झालं. सात दिवस ही चांगली मर्यादा आहे. मार्चमधल्या कामाचं कौतुक डिसेंबरच्या समारंभात झालं, तर तपशील दोघांच्याही लक्षात नसतो.

जाहीर की खासगी, हे त्या माणसाला विचारून ठरवा. काहींना सगळ्यांसमोर नाव घेतलेलं आवडतं, काहींना ते शिक्षेसारखं वाटतं. लाजऱ्या माणसासाठी दोन ओळींची मेल, आणि तिची प्रत तुमच्या वरिष्ठांना, हे उत्तम काम करतं. घरून काम करणाऱ्यांना जाता-येता मिळणारी शाबासकी मिळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी लेखी दखल जवळजवळ अनिवार्य समजा.

सहकाऱ्यांनीही एकमेकांची दखल घ्यावी असं वाटत असेल, तर आठवड्याच्या मीटिंगच्या सुरुवातीची पाच मिनिटं द्या: ‘या आठवड्यात कुणी तुमचं काम सोपं केलं?’ मॅनेजरला न दिसणारं काम इथे बाहेर येतं. कुणावर बोलण्याची सक्ती नको.

पायरी ६: आता बक्षिसं

बक्षीस द्यायचं असेल तर ते कशासाठी, यावर सगळ्यात जास्त विचार करा. अमेरिकेतल्या एका लाँड्री कंपनीच्या कारखान्यात महिनाभर वेळेवर येणाऱ्यांसाठी बक्षीस सुरू झालं. टिमथी गुब्लर, इयन लार्किन आणि लामार पियर्स यांनी २०१६ मध्ये त्याचे परिणाम मांडले. लोक बक्षीस मिळण्याची शक्यता असेपर्यंत वेळ पाळत आणि एकदा अपात्र ठरले की सैल पडत. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की जे आधीपासून स्वतःहून वेळेवर येत होते, त्यांचं उत्पादन सहा ते आठ टक्क्यांनी घटलं. जे आपण कर्तव्य म्हणून करत होतो, त्याच्यासाठी इतरांना बक्षीस मिळतंय, हे त्यांना अन्यायाचं वाटलं असावं. थोडक्यात, नोकरीच्या किमान अपेक्षेसाठी बक्षीस ठेवू नका.

एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १९९९ मध्ये १२८ अभ्यास एकत्र तपासले. आधी जाहीर केलेली, वस्तू किंवा पैशांच्या रूपातली बक्षिसं मुळात आवडणाऱ्या कामातला रस कमी करतात, तर शब्दांतून मिळालेली चांगली प्रतिक्रिया तो वाढवते, असा कल त्यांना दिसला. याचा अर्थ बोनस बंद करा असा नाही. बोनस हा मोबदला आहे, तो ठरल्याप्रमाणे द्या. पण त्याने दखल घेण्याचं काम भागतं असं समजू नका.

मग सगळ्यांना द्यायचं की मोजक्यांना? इथे क्रिस्टियान ब्राडलर आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा प्रयोग उपयोगी आहे. तीन तासांच्या डेटा एंट्रीसाठी तीनशेहून जास्त लोक आठ-आठच्या गटांत बोलावले होते. काही गटांत मध्येच, आधी न सांगता, आभाराची कार्डं दिली गेली. गटातल्या सर्वोत्तम तिघांनाच कार्ड मिळालं तेव्हा काम सगळ्यात जास्त वाढलं, आणि ही वाढ मुख्यतः कार्ड न मिळालेल्यांनी केली. चांगलं काम म्हणजे काय आणि ते कुणीतरी पाहतंय, हे त्यांना समजलं. मात्र तिथे निकष उघड होता आणि मोजमाप निर्विवाद. तुमच्याकडे निवड मर्जीवर होते असं लोकांना वाटत असेल, तर हाच उपाय उलटतो. म्हणून निकष आधी लिहून काढा, निवडीत वेगवेगळ्या विभागांची माणसं घ्या, आणि निवड का झाली ते तपशिलासह जाहीर करा.

‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ पाळीपाळीने सगळ्यांना मिळत असेल तर तो बंद केलेला बरा. त्याला माहितीमूल्य उरलेलं नसतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पायरी ७: टीमच्या कामात नावं घ्या

‘हे सगळ्या टीमचं यश आहे’ असं म्हणणं उदार वाटतं, पण नावं न घेतल्यास ऐकणारे श्रेय स्वतःच्या समजुतीप्रमाणे वाटून घेतात. हेदर सार्सन्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या कारकिर्दी तपासल्या. पुरुषांबरोबर मिळून लिहिलेल्या शोधनिबंधांचं श्रेय स्त्रियांना कमी मिळत होतं, नोकरी कायम होण्याच्या निर्णयात ते दिसत होतं. म्हणून प्रकल्प संपला की कुणी काय केलं ते एकेका वाक्यात लिहा, आणि पाठवण्याआधी टीमला दाखवा. सुटलेलं नाव तेच सांगतील.

पायरी ८: अप्रेझलशी जोडा

वर्षभर तोंडभरून कौतुक आणि अप्रेझलला ‘सरासरी’ शेरा, यासारखा विश्वास तोडणारा दुसरा प्रकार नाही. पायरी ३ मधली वही अप्रेझलच्या वेळी समोर ठेवा. वर्षभर ज्याची दखल घेतली, त्याचा पगारवाढीत आणि बढतीत विचार व्हायला हवा. हातात पैसे नसतील तर तसं स्पष्ट सांगा आणि जे देता येईल ते द्या: मोठी जबाबदारी, आवडीचा प्रकल्प, वेळेची मोकळीक, शिकण्याची संधी. हर्झबर्ग यांच्या मुलाखतींतही दखल घेतल्याचा आनंद वारंवार आला होता, पण तो लवकर ओसरणारा होता. कामाचं स्वरूप आणि जबाबदारी यांतून आलेलं समाधान जास्त टिकत होतं.

पायरी ९: परिणाम मोजा

सुरू करण्याआधी मागच्या वर्षभराचे आकडे काढून ठेवा: किती जण स्वतःहून सोडून गेले, अचानक रजा किती पडल्या, पुन्हा करावं लागलेलं काम, ग्राहकांच्या तक्रारी. शक्य असेल तर पद्धत आधी एका-दोन टीममध्ये सुरू करा आणि तशाच दुसऱ्या टीमशी तुलना करा, कारण हंगाम, बाजार किंवा नवा मॅनेजर यांमुळेही आकडे हलतात. छोट्या टीममध्ये एकाने राजीनामा दिला की टक्केवारी उसळते, तिथे आकड्यांपेक्षा सोडून जाणाऱ्याशी झालेलं मोकळं बोलणं जास्त सांगतं. सोबत दर तीन महिन्यांनी नाव न विचारता दोन प्रश्न विचारा: तुमच्या कामातलं अवघड काय आहे हे तुमच्या मॅनेजरला माहीत आहे का? गेल्या काही दिवसांत कुणी तुमच्या कामाबद्दल नेमकं काही बोललं का?

पहिल्या प्रश्नाची उत्तरं सुधारायच्या आत दुसऱ्याची सुधारली, तर सावध व्हा. मॅनेजर बोलू लागलेत, पण अजून पाहत नाहीत. ‘महिन्याला इतकी कौतुकं’ असं टार्गेट मॅनेजरला लावलं असेल तर हे नक्की होतं. ते टार्गेट काढा, त्या मॅनेजरच्या दोन मीटिंग रद्द करा, आणि तो वेळ त्याला आपल्या माणसांच्या शेजारी बसायला द्या.